हातची सत्ता कोण सोडतं? खालच्या सरकारांना अधिकार देण्यामागचं गणित

मध्यरेषा

परवा एका चर्चेत कुणीतरी सहज बोलून गेलं, "अधिकार खाली दिले की कारभार सुधारतोच." सुधारतो की नाही ते नंतर पाहू. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे. ज्याच्या हातात तिजोरी, पोलीस आणि बदल्या आहेत, तो त्यातलं काहीही आपणहून का सोडेल? राजकारणात कुणी साधी समितीची खुर्ची सोडत नाही. इथे मात्र देशच्या देश कायदे किंवा घटना बदलून दवाखाने, रस्ते, पाणी, शेतीखातं खालच्या निवडून आलेल्या सरकारांच्या हवाली करतात. गेले काही महिने जमेल तसं वाचतोय. चुकलं तर कान धरा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'विकेंद्रीकरण' या एकाच पोत्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. राजधानीतल्या खात्यानं जिल्ह्यात कचेरी उघडली, तर साहेब जवळ आला खरा, पण तो बांधील वरच्यालाच. दुसऱ्या प्रकारात एखादं काम स्थानिक संस्थेला नेमून दिलं जातं. धोरण वरचंच, आणि मर्जी फिरली की काम परत. तिसऱ्या प्रकारात खाली निवडून आलेलं सरकार असतं, ठरावीक विषयांत त्याचा शब्द अखेरचा असतो, अर्थसंकल्प त्याचा असतो आणि चुकलं तर त्याला घरी बसवणारा मतदार असतो. हा धागा तिसऱ्या प्रकाराबद्दल. फरक फ्रान्समध्ये छान दिसतो. तिथे नेपोलियनच्या काळापासून प्रत्येक विभागावर राजधानीनं नेमलेला प्रीफे असायचा आणि स्थानिक निर्णयांवर त्याची पूर्वपरवानगीची टांगती तलवार. १९८२ च्या कायद्यानं ती काढली. प्रीफे आजही आहे, पण एखादा ठराव बेकायदा वाटला तर त्याला प्रशासकीय न्यायालयाची पायरी चढावी लागते. आधी मुख्याध्यापक होता, आता फार तर तक्रारदार.

आता 'का' कडे. पाठ्यपुस्तकी उत्तरं ठाऊक आहेत: खालच्याला स्थानिक गरज जास्त कळते, लोकांना जाब विचारता येतो, एका ठिकाणचा प्रयोग फसला तर सगळा देश बुडत नाही. खरी आहेत. पण या कारणांसाठी कुणी सत्ता सोडल्याचं मला फारसं दिसलं नाही. दिसली ती भीती.

इंडोनेशिया घ्या. तीन दशकं सगळं जकार्तातून चालवणारे सुहार्तो मे १९९८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी पूर्व तिमोरला सार्वमत द्यायचं कबूल करावं लागलं आणि त्यात त्यानं वेगळं व्हायचं ठरवलं. आचे आणि पापुआ या टोकाच्या प्रांतांत आधीच धग होती. देश हातातून निसटतोय या धास्तीनं १९९९ मध्ये दोन कायदे झाले आणि १ जानेवारी २००१ पासून लागू झाले. जवळजवळ २० लाख सरकारी कर्मचारी केंद्राच्या पटावरून खालच्या सरकारांच्या पटावर गेले. गंमत पुढेच आहे. अधिकाराचा मोठा वाटा प्रांतांना दिलाच नाही, तो दिला जिल्ह्यांना आणि शहरांना. कारण उघड आहे. प्रांत आकारानं एवढा मोठा असतो की त्याला स्वतंत्र देश व्हायची स्वप्नं पडू शकतात, जिल्ह्याला नाही.

स्कॉटलंडमध्ये रक्तपात नव्हता, पण धाकधूक होतीच. स्वतंत्र संसद दिली की स्कॉटिश राष्ट्रवादाची हवा जाईल, असा मजूर पक्षातल्या अनेकांचा होरा होता. सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के लोकांनी संसदेच्या बाजूनं कौल दिला. १९९९ मध्ये संसद बसली, २००७ मध्ये तिथे राष्ट्रवादी पक्षाचंच सरकार आलं आणि २०१४ मध्ये थेट स्वातंत्र्याचं सार्वमत झालं. ते ५५ विरुद्ध ४५ असं हरलं, पण हवा गेली असं काही म्हणता येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: ज्या भीतीपोटी सत्ता सोडली जाते, तिचा ठसा पुढच्या सगळ्या रचनेवर उमटतो. जिल्ह्याला द्यायची की प्रांताला, पैसा लोकसंख्येवर वाटायचा की क्षेत्रफळावर, परत घ्यायची पळवाट ठेवायची की नाही, हे सगळं त्या पहिल्या भीतीवरून ओळखता येतं.


तिरकस

विश्लेषण आवडलं, पण 'भीती' म्हणून तुम्ही राज्यकर्त्यांना फार भोळं ठरवताय. कित्येकदा तो थंड डोक्यानं केलेला हिशेब असतो. पाकिस्तान बघा. अयुब खानांची 'मूलभूत लोकशाही' १९५९ ची, झियांचे स्थानिक संस्थांचे अध्यादेश १९७९ चे, मुशर्रफांची नाझिम (म्हणजे स्थानिक संस्थेचा प्रमुख) पद्धत २००१ ची. तिघेही लष्करशहा. स्थानिक स्वराज्याचं एवढं प्रेम नेमकं गणवेशातल्या माणसांनाच का यावं? कारण वरचे पक्ष आणि प्रांतांतले पुढारी त्यांना अडचणीचे होते. मधली पायरी ओलांडून थेट तळाशी संधान बांधलं की नवे, आपल्या उपकाराखालचे पुढारी तयार होतात. अयुब खानांनी तर तळातून निवडून आलेले ८०,००० स्थानिक सदस्य, म्हणजे 'मूलभूत लोकशाहीवादी', राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचे मतदार म्हणूनच वापरले.

आणि उलटंही बघा. निवडून आलेली सरकारं आली की या संस्था कोमेजतात, कारण प्रांतातल्या आमदाराला तळाचा प्रतिस्पर्धी नकोच असतो. बांगलादेशात लष्करशहा इर्शाद यांनी उपजिल्हा परिषदा आणल्या आणि १९९१ मध्ये लोकशाही परतल्यावर नव्या सरकारनं त्या मोडीत काढल्या. केंद्र, प्रांत आणि तळ या त्रिकोणात मधल्याला चेपायचं असेल तर तळाला खांद्यावर घेतात. एवढंच.


अबोली_७

एक बाळबोध शंका. मग हे आणि संघराज्य यांत फरक काय? अमेरिकेतल्या राज्यांनाही अधिकार आहेत आणि स्कॉटलंडलाही. वाचताना दोन्ही सारखंच वाटतं.


शेषाधिकार

शंका अजिबात बाळबोध नाही, यावरच न्यायालयं वर्षानुवर्षं झगडतात.

संघराज्यात वाटणी घटनेनं केलेली असते. दोन्ही पातळ्या घटनेच्या लेकी, एकीला दुसरीचा वाटा एकटीनं घेता येत नाही. ब्रिटनसारख्या देशात सार्वभौमत्व एकाच संसदेकडे असतं, ती साध्या कायद्यानं अधिकार खाली देते आणि सिद्धान्ततः साध्या कायद्यानं परत घेऊ शकते. हे नुसतं कागदावरचं नाही. उत्तर आयर्लंडची संसद १९२१ पासून होती. हिंसाचार वाढल्यावर मार्च १९७२ मध्ये लंडननं ती स्थगित करून थेट कारभार हाती घेतला. लंडन शहराची मोठी परिषद ब्रिटनच्या केंद्र सरकारशी सतत भांडायची, ती १९८६ मध्ये कायदा करून गुंडाळली. त्यानंतर २००० पर्यंत त्या अवाढव्य शहराला स्वतःचं एकसंध सरकारच नव्हतं.

वाटणी लिहायच्याही दोन तऱ्हा आहेत. एक: 'तुम्हाला या या गोष्टी करता येतील' अशी यादी. दुसरी: 'या या गोष्टी आम्ही ठेवल्या, उरलेलं सगळं तुमचं.' स्कॉटलंडला पहिल्यापासून दुसरी तऱ्हा मिळाली. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन वगैरे लंडनकडे, बाकी स्कॉटलंडच्या राजधानीकडे, एडिनबराकडे. वेल्सला आधी पहिली तऱ्हा मिळाली होती. दर वेळी एखादा विषय यादीत बसतो की नाही यावर काथ्याकूट व्हायचा. शेवटी २०१७ च्या कायद्यानं वेल्सही दुसऱ्या तऱ्हेवर गेलं. यादी कोणाकडे आहे आणि उरलंसुरलं कोणाला जातं, एवढं बघितलं तरी अर्धी घटना कळते. (माझ्या आयडीचा अर्थ आता कळला असेल.)

२०१६ च्या कायद्यात 'स्कॉटिश संसद कायमस्वरूपी आहे, तिथल्या लोकांच्या सार्वमताशिवाय ती रद्द होणार नाही' असंही लिहून दिलंय. ते किती बांधून ठेवतं यावर वकिलांत मतभेद आहेत. पण एक संसद बरखास्त करायला सार्वमत घ्यावं लागणार म्हटल्यावर राजकीय किंमत वाढतेच.


बिनखात्याचा

म्हणजे भाडेकरू आणि मालक. संघराज्यात सदनिका नावावर, इथे अकरा महिन्यांचा करार.


शेषाधिकार

@बिनखात्याचा, उपमा चोरतोय. फक्त अध्येमध्ये असे भाडेकरूही असतात ज्यांना कायद्याचं संरक्षण आहे. स्पेनचे १७ स्वायत्त प्रदेश १९७८ च्या घटनेखाली आहेत, पण त्याच घटनेच्या कलम १५५ नं केंद्राला हस्तक्षेपाचा दरवाजा ठेवलाय. तो ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅटालोनियासाठी पहिल्यांदा उघडला गेला.


जमाखर्च

मी बरीच वर्षं एका स्थानिक संस्थेच्या लेखा विभागात काढली. घटनेच्या गप्पा वाचायला बऱ्या वाटतात, पण अधिकार खरोखर खाली आलेत का हे ओळखायची माझी रीत वेगळी आहे. तीन गोष्टी विचारतो. काम कुणाचं? पैसा कुणाचा? आणि माणूस कुणाचा? यातली एक जरी वर राहिली तरी बाकीच्या दोन लंगड्या.

'माणूस कुणाचा' हा सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न. अभियंता तुमच्या इमारतीत बसतो, तुमच्या रस्त्याची मोजमापं घेतो, पण त्याची बदली, बढती आणि गोपनीय अहवाल वरच्या खात्याकडे. अध्यक्षानं काही सांगितलं की तो नम्रपणे म्हणतो, "वरून लेखी येऊ दे." तो वाईट नसतो. त्याला ठाऊक असतं की पुढच्या वर्षी कुठे जायचं ते अध्यक्ष ठरवणार नाहीये.

पैशाचं तर विचारू नका. आमच्याकडे एक वर्षी आर्थिक वर्ष संपायला नऊ दिवस उरले असताना पथदिव्यांसाठी बंधित निधी आला. दिवे आदल्याच वर्षी बसले होते. नळयोजनेचा पंप जळून पडला होता, पण त्या पैशाला हात लावायची सोय नाही, कारण लेखाशीर्ष 'पथदिवे'. खर्च नाही केला तर परत जाणार आणि पुढल्या वर्षी 'यांना निधी वापरता येत नाही' असा शेरा बसणार. शेवटी धडधाकट खांब उपटून नवे लावले. आम्ही अंधारात पाणी शोधत नव्हतो, उजेडात शोधत होतो.

म्हणून निधी किती मिळाला यापेक्षा अबंधित किती आणि कधी, हे विचारा. भारताच्या घटनेत ७३ व्या दुरुस्तीनं अकरावी अनुसूची जोडली, २९ विषय लिहिले. पण ते विषय खाली द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलं. निवडणुका मात्र सक्तीच्या केल्या. त्यामुळे दारावर पाटी घटनेनं लावली आणि कपाटाच्या किल्ल्या राज्यांकडे राहिल्या. केरळनं १९९६ मध्ये राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांना द्यायचा ठरवला, तेव्हा तिथे चित्र पालटलं. घटना तीच, कपाट उघडणारं सरकार वेगळं.


वाटसरू

सगळे जण गृहीत धरून चाललेत की खाली दिलेलं चांगलंच. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी खेड्याला कोत्या स्थानिकतेचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हटलं होतं, ते विसरलात का? राजधानीतला हुकूमशहा निदान लांब असतो. गावातला घराशेजारी राहतो, त्याला तुमची जमीन, तुमची जात, तुमचं कर्ज, सगळं ठाऊक असतं. अमेरिकेच्या दक्षिणेत 'राज्यांचे हक्क' या गोंडस नावाखाली वर्णभेद जपला गेला आणि तो मोडायला केंद्राचे सैनिक पाठवावे लागले. १९५७ चं लिटल रॉक आठवा, कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत सैनिकांच्या पहाऱ्यात न्यावं लागलं होतं. स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक बहुसंख्याकांची सत्ता. अल्पसंख्याकाला आधार वरच्याचाच असतो.


तिरकस

+१. आणि पैसे खायची संधीही खाली जाते, ते वेगळंच.


मध्यरेषा

@वाटसरू, मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो टाळत होतो हे कबूल. पण बोलिव्हियाचं उदाहरण तुमच्या विरुद्ध दिशेनं जातं, ते मांडतो.

१९९४ पर्यंत तिथे खाली जाणाऱ्या सरकारी पैशांतले ८६ टक्के फक्त तीन मोठी शहरं घेत होती. बाकीच्या तीनशेहून अधिक नगरपालिकांत उरलेले १४ टक्के. अनेक ग्रामीण भागांत तर नगरपालिका नावालाही नव्हती. त्या वर्षी 'लोकसहभागा'चा कायदा झाला. राष्ट्रीय करांतला २० टक्के भाग सगळ्या नगरपालिकांना, तोही माणशी सारखा. तीन शहरांचा वाटा ८६ वरून २७ टक्क्यांवर आला. शिवाय गावसमित्या, शेतकरी संघ, मूळ निवासींच्या पारंपरिक संस्था यांना कायदेशीर मान्यता देऊन नगरपालिकेवर नजर ठेवायला देखरेख समित्या बसवल्या. गरज पडल्यास त्यांना निधी रोखून धरण्याची मागणी करता येत होती.

नंतरच्या अभ्यासांत दिसलं की स्थानिक खर्च शाळा, पाणी आणि सांडपाण्याकडे वळला, आणि जिथे निरक्षरता जास्त तिथे शाळांवर जास्त, जिथे नळ कमी तिथे पाण्यावर जास्त. राजधानीत बसून हे कुणाला जमलं नव्हतं. म्हणजे गावातला दांडगा होता, असणारच; पण त्याच्यासमोर कायद्यानं कुणाला उभं केलंय यावर बरंच अवलंबून.


वाटसरू

देखरेख समितीवर तोच दांडगा बसला तर? असो. उदाहरण मान्य, प्रमाण अमान्य.


सवाना

कामानिमित्त काही वर्षं नैरोबीत होतो. केनियाचा उल्लेख अजून कसा आला नाही याचंच नवल वाटतंय, कारण या धाग्यातली प्रत्येक गोष्ट तिथे एकाच देशात घडलीय. थोडं लांबेल.

१९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हाची केनियाची घटना प्रादेशिक सरकारांची होती. त्या व्यवस्थेला स्वाहिलीत 'माजिंबो' म्हणत. छोट्या जमातींना मोठ्या जमातींची धास्ती होती, म्हणून ती योजना. देशाचे पहिले नेते केन्याटा यांनी वर्षभरात तिची वाट लावली आणि सत्ता नैरोबीत गोळा केली. त्यानंतर प्रांतांचे आयुक्त, जिल्ह्यांचे आयुक्त, पार गावच्या चीफपर्यंत उतरंड वरून नेमलेली. १९६५ च्या सरकारी धोरणपत्रात तर सरळ लिहिलं होतं की पैसा तिथे घालावा जिथे जमीन आणि पाऊस चांगला, म्हणजे परतावा जास्त. उत्तरेकडचे कोरडे, पशुपालकांचे प्रदेश त्यामुळे पिढ्यानपिढ्या वाळत राहिले. राष्ट्राध्यक्ष ज्या जमातीचा, डांबर त्या दिशेला, अशी लोकांची भावना झाली. मग निवडणूक हरणं म्हणजे पाच वर्षं उपाशी राहणं. २००७ च्या वादग्रस्त निकालानंतर हजाराहून जास्त माणसं मेली आणि काही लाख बेघर झाली.

२०१० ची घटना त्या राखेतून आली. मध्यरेषा म्हणतात तो 'ठसा' बघा. प्रांत आठ होते, पण अधिकार प्रांतांना दिले नाहीत. ४७ काउंट्या केल्या, १९९२ च्या कायद्यातल्या जिल्ह्यांच्या सीमांवर. 'माजिंबो' हा शब्द एवढा बदनाम झाला होता की तो कुणी उच्चारेना. राष्ट्रीय महसुलातला किमान १५ टक्के वाटा काउंट्यांना द्यायचाच, हे घटनेत लिहिलं. वाटपाचं सूत्र सुचवायला स्वतंत्र आयोग. पहिल्या सूत्रात ४५ टक्के वजन लोकसंख्येला, २५ टक्के सगळ्यांना समान, २० टक्के गरिबीला, ८ टक्के क्षेत्रफळाला आणि २ टक्के आर्थिक शिस्तीला. हे आकडे रूक्ष दिसतात, पण हेच खरं राजकारण. क्षेत्रफळाचं वजन वाढलं की उत्तरेच्या विरळ वस्तीच्या काउंट्या खूश, लोकसंख्येचं वाढलं की मध्य केनिया खूश. २०२० मध्ये नव्या सूत्रावर सिनेट (संसदेचं काउंट्यांचं प्रतिनिधित्व करणारं सभागृह) इतकी अडकली की मतदान पुन्हा पुन्हा पुढे ढकललं गेलं, मधेच तीन सिनेटरांना अटकही झाली.

आता जमाखर्च यांचे तीन प्रश्न. पोलीस आणि शाळा राष्ट्रीय सरकारकडे राहिल्या. काउंट्यांकडे बालवाड्या, शेती, काउंटीचे रस्ते, पाणी आणि सगळ्यात जड ओझं म्हणजे दवाखाने. हस्तांतरण तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं व्हायचं होतं. मार्च २०१३ ला काउंट्यांचे प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, निवडून आले आणि त्यांनी धीर धरायला नकार दिला. ऑगस्टपर्यंत बहुतेक कामं एका फटक्यात खाली आली. काउंटी सरकारचं वय पाच महिने, आणि हातात हजारो परिचारिकांचा पगार!

मग जे व्हायचं तेच. डॉक्टरांच्या संघटनेनं २०१३ मध्ये पगाराचा करार केला होता तो राष्ट्रीय सरकारशी. नोकरी गेली काउंट्यांकडे. करार पाळा म्हटलं की मंत्रालय म्हणे, 'आता मालक काउंटी', आणि गव्हर्नर म्हणत, 'आम्ही सही कुठे केली?' डिसेंबर २०१६ पासून १०० दिवस डॉक्टर संपावर. संघटनेचे पदाधिकारी काही दिवस तुरुंगात. ते संपतं न संपतं तोच जूनपासून परिचारिका संपावर, पाच महिने. त्या काळात आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. दाराला कुलूप नव्हतं, रखवालदार बाकावर बसलेला. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीत केसपेपरांचा गठ्ठा तसाच, त्यावर धूळ. रखवालदाराचा पगार कोण देतं विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "ते मलाही कळलं तर बरं."

तरीही वाटसरूंना सांगेन, उत्तरेतल्या माणसाला 'हे बंद करू का' म्हणून विचारून बघा. ज्या भागांत दशकानुदशकं डांबर दिसलं नव्हतं तिथे रस्ते आले, जिथून रुग्णाला शेकडो किलोमीटर न्यावं लागे तिथे शस्त्रक्रियागृहं झाली. गव्हर्नरांनी पैसे खाल्ले? खाल्ले. काहींवर खटले चालले, काहींना पद गेलं. लोक तिथे विनोदानं म्हणतात की खायची पाळीसुद्धा आता ४७ ठिकाणी पोचली. पण आमच्याच गावचा खातोय हे निदान दिसतं, असंही तेच लोक म्हणतात.


बिनखात्याचा

प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा. रखवालदारासाठी माझ्याकडून एक टोपी खाली.


अबोली_७

@सवाना, खूप छान लिहिलंत. एकच विचारते. केंद्रानं दिलेलं मागच्या दारानं परत घेतलं असंही झालं का?


सवाना

झालं ना. २०१५ मध्ये राष्ट्रीय सरकारनं रुग्णालयांसाठी महागडी यंत्रं भाड्यानं घ्यायचा मोठा करार केला, डायलिसिस, क्ष-किरण, अतिदक्षता वगैरे. प्रत्येक काउंटीत दोन रुग्णालयं ठरवली. आरोग्य काउंट्यांकडे, करार मात्र राजधानीनं केलेला आणि हप्ता काउंट्यांच्या नावे टाकून कापलेला. काही ठिकाणी यंत्र आलं पण पुरेशी वीज नाही, काही ठिकाणी चालवणारा तज्ज्ञ नाही. यंत्रं तशीच पडून. शेवटी सिनेटनं चौकशी लावली. अधिकार परत घ्यायला घटना बदलावी लागत नाही, खरेदीचा आदेश पुरतो.


जमाखर्च

अगदी. तो आमच्या पथदिव्यांचाच थोरला भाऊ.

वाटसरू आणि तिरकस यांनी पैसे खाण्याचा मुद्दा काढलाय म्हणून युगांडा. तिथे १९९० च्या दशकात सरकार शाळांना दर विद्यार्थ्यामागे अनुदान पाठवायचं, जिल्हा कचेऱ्यांमार्फत. शाळांच्या वह्या आणि केंद्राच्या वह्या शेजारी ठेवून तपासणी झाली तेव्हा कळलं, १९९१ ते ९५ या काळात सरासरी १३ टक्केच पैसा शाळेत पोचला होता. उरलेला मधेच जिरला. मग सरकारनं कुठल्या जिल्ह्याला त्या महिन्यात किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांना मिळालेली रक्कम दारावर लावायला सांगितली. काही वर्षांत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. इतर सुधारणाही सोबत चालू होत्या, सगळं श्रेय त्या कागदाला देता येणार नाही. पण लेखा विभागातला माणूस म्हणून सांगतो, आकडा दारावर लागला की कारकुनाचा हात थरथरतो.

दुसरं, स्वतःचा कर. वरून आलेला पैसा उडवताना कुणाला दुखत नाही. स्वीडनमध्ये उत्पन्नावरचा मुख्य कर स्थानिक, साधारण ३२ टक्के, आणि दर ठरवते नगरपालिका व प्रदेश. तिथे दर अर्ध्या टक्क्यानं वाढवायचा म्हटलं तरी निवडणुकीत जाब द्यावा लागतो. अर्थात श्रीमंत भागाला थोड्या दरात भरपूर मिळतं आणि गरीब भागाला भरपूर दरात थोडं. म्हणून ते लोक श्रीमंत नगरपालिकांकडून घेऊन गरिबांना देणारी समानीकरणाची व्यवस्था चालवतात, आणि त्यावरून दर काही वर्षांनी भांडतात.


शेषाधिकार

अवांतर पण महत्त्वाचं: ब्रिटनमधलं वाटप याच्या नेमकं उलट बाजूनं चालतं. १९७८ पासूनचं बार्नेट सूत्र. इंग्लंडमध्ये एखाद्या खात्याचा खर्च वाढला की लोकसंख्येच्या प्रमाणात स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला वाढ. गरज किती, हा प्रश्न मूळ सूत्रात नव्हताच. तात्पुरती सोय म्हणून आणलं होतं, आज चाळीस वर्षं उलटून गेली. तात्पुरत्या सरकारी गोष्टींचं आयुष्य असंच असतं.


मध्यरेषा

या धाग्यानं माझी मांडणी थोडी वाकवली. भीती आणि हिशेब यांत मी फार रेघ ओढत होतो. केनियात भीती होती, पण गव्हर्नरांनी २०१३ मध्ये घाई केली तो हिशेबच.

अजून एक कोडं तेवढं टाकतो. आकाराचं. इंडोनेशियात अधिकार जिल्ह्यांना दिल्यावर जिल्हे फुटत गेले, साधारण तीनशेचे पाचशेच्या वर. युगांडातही तेच. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या नोकऱ्या, नवा निधी आणि एका नव्या पुढाऱ्याला खुर्ची. श्रीमंत देश मात्र उलट्या दिशेनं गेले. डेन्मार्कनं २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या, जपाननं ३,२०० च्या आसपास असलेल्या एका दशकात सुमारे १,७०० वर आणल्या. कामं जड झाली की छोट्या संस्थेला पेलत नाहीत, हे कारण. मग लोकांच्या जवळ म्हणजे नेमकं किती जवळ?


तिरकस

जितकं निवडणुकीला सोयीचं तितकं जवळ. (नावाला जागलो.)


जमाखर्च

कामागणिक वेगळं उत्तर येतं. कचरा उचलायला छोटी संस्था पुरते, कर्करोगाचं रुग्णालय चालवायला नाही. पाणी तर नदी ठरवते, सीमा नाही. एकाच आकारात सगळी कामं बसवायला गेलं की कुठेतरी उसवणारच. काही देशांत नगरपालिका एकत्र येऊन एखाद्या कामापुरता संघ करतात. फ्रान्समध्ये ३४,००० च्या वर कम्यून आहेत, कित्येकांत पाचशे माणसंही नाहीत. त्यांनी कम्यून मोडल्या नाहीत, वर संघ बांधले. महापौर तसाच, कचऱ्याची गाडी सामाईक.


अबोली_७

@सवाना, एक राहिलंच. तो १०० दिवसांचा डॉक्टरांचा संप शेवटी मिटवला कुणी? मंत्रालयानं की गव्हर्नरांनी?


सवाना

धर्मगुरूंनी मध्यस्थी केली. मार्च २०१७ मध्ये कामावर परतण्याच्या कागदावर सह्या झाल्या. एका बाजूला डॉक्टरांची संघटना, समोर राष्ट्रीय आरोग्य मंत्रालय आणि गव्हर्नरांची परिषद, दोघंही. मालक कोण हे तेव्हाही ठरलं नव्हतं, म्हणून दोघांच्याही सह्या घेतल्या.